आई, राउटर आणि सातारा

"फोन तर तोच आहे ना रे? मग तिथून उघडतं ते इथून का उघडत नाही?"

गेल्या मे महिन्यात आई आमच्याकडे श्टुटगार्टला आली, त्याच्या तिसऱ्या दिवशीचा हा प्रश्न. मंडळी, मी नेटवर्किंगशी संबंधित विषयात पीएचडी केली आहे, पण व्हायव्हाच्या वेळी मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. बाबा असेपर्यंत बँक, विमा, लाइटबिल ही सगळी कामं त्यांची. ते गेल्यावर आईने एकेक करून सगळं शिकून घेतलं. मुदत ठेव कशी वाढवायची, घरपट्टी ऑनलाइन कशी भरायची, पेन्शन जमा झाली का ते कुठे बघायचं, वगैरे वगैरे. एका जुन्या डायरीत तिने पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: "आधी डावीकडचं निळं बटण. मग थांबायचं." मी इथून "अगं मी करतो ना" म्हणालो की ती म्हणायची, "माझी कामं मला जमतात." आणि खरंच जमत होती.

इथे आल्यावर मात्र एक सरकारी संकेतस्थळ उघडेचना. दुसरं उघडलं, पण अर्ध्यावर अडकलं. आणि बँकेने परदेशातून कुणीतरी खातं उघडायचा प्रयत्न करतंय असा संशय घेऊन तिचं ऑनलाइन खातं चक्क बंद केलं. ते परत चालू करायला दोन दिवस आणि बरेच फोन लागले. त्यानंतर आईने डायरी बॅगेत ठेवून दिली आणि म्हणाली, "असू दे. तूच बघ आता काय ते." ते वाक्य मला आवडलं नाही. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली आई तीन महिने परावलंबी होऊन बसणार, हे काही बरोबर नव्हतं.

तर मुद्दा असा. फोन तोच असला तरी त्याचा पत्ता बदलला होता. तुम्ही घरच्या वायफायवरून काहीही उघडलंत की समोरच्या सर्व्हरला तुमच्या जोडणीचा आयपी पत्ता दिसतो, आणि हा पत्ता साधारण कुठल्या देशातला आहे हे सांगणाऱ्या याद्या असतात. परदेशातून होणारे हल्ले कमी व्हावेत म्हणून भारतातली कित्येक सरकारी संकेतस्थळं भारताबाहेरच्या पत्त्यांना दारातूनच परत पाठवतात. आईच्या पाकिटावर आता श्टुटगार्टचा शिक्का होता, इतकंच.

यावरचा उपाय म्हणजे व्हीपीएन. समजा मला एक पत्र पाठवायचं आहे, पण त्यावर पुण्याचा शिक्का हवा आहे. मग मी ते पत्र एका मोठ्या पाकिटात घालून पुण्याच्या मावशीला पाठवायचं. मावशीने वरचं पाकीट फाडून आतलं पत्र पुण्यात पेटीत टाकायचं, आणि उत्तर आलं की तसंच मला धाडायचं. इथला पोस्टमन फक्त "मावशीला पत्र गेलं" एवढंच जाणतो. पत्र ज्याला मिळतं त्याला पुण्याचा शिक्का दिसतो. सगळी गोम मावशीत आहे. तिला मात्र दोन्ही पत्ते दिसतात!

आता हे फोनवरच्या ॲपमध्ये का नाही केलं? करून पाहिलं. पण बँकेआधी चालू करायचं, व्हिडिओ कॉलच्या वेळी बंद करायचं, मध्येच तुटलं तर ओळखायचं... डायरीत आणखी अकरा पायऱ्या वाढल्या असत्या. त्यापेक्षा घरच्या राउटरवरच व्हीपीएन बसवला तर आईला काहीच करायला नको. त्या वायफायला जोडलं की झालं. वर पुरवठादारांची "इतकीच उपकरणं चालतील" ही अटही आड येत नाही, कारण त्यांच्या लेखी राउटर हे एकच उपकरण.

म्हणजे प्रश्न उरला तो पुरवठादार निवडायचा. मी एक तक्ता केला. चौदा रकाने. (बायको म्हणाली, "लग्नाच्या वेळी किती रकाने केले होतेस?" असो.)

पहिला शोध लागला तो असा की "सर्वोत्तम दहा व्हीपीएन" छापाच्या याद्यांवरून निवड करण्यात अर्थ नाही. यातल्या बहुतेकांना तुम्ही त्यांच्या दुव्यावरून खरेदी केलीत की दलाली मिळते. प्रकरण त्याच्याही पुढे गेलं आहे. केप टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीने २०१७ मध्ये सायबरघोस्ट, २०१९ मध्ये प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१ मध्ये एक्स्प्रेसव्हीपीएन विकत घेतलं. आणि त्याच २०२१ साली व्हीपीएनची परीक्षणं छापणारी व्हीपीएनमेंटर आणि विझकेस ही संकेतस्थळं चालवणारी कंपनीसुद्धा विकत घेतली. म्हणजे मुलगीही आपलीच आणि पत्रिका बघणारा गुरुजीही आपलाच. याचा अर्थ ती उत्पादनं वाईट असा नाही, पण परीक्षण वाचताना हे माहीत असलेलं बरं.

दुसरा रकाना होता "नोंदी ठेवत नाही" या दाव्याचा. हा दावा झाडून सगळे करतात. २०२० च्या जुलैमध्ये हाँगकाँगशी संबंधित सात व्हीपीएनच्या ग्राहकांचा १.२ टेराबाइट मजकूर उघड्यावर सापडला, आणि त्या सातही जणांचा दावा आम्ही काहीच साठवत नाही असाच होता. त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकेत एका सायबर छळाच्या खटल्यात एफबीआयला प्युअरव्हीपीएनच्या नोंदींचा उपयोग झाला. छळणारा पकडला गेला हे उत्तमच झालं, पण ज्या नोंदी नाहीतच असं जाहिरातीत म्हटलं होतं त्या निघाल्या कुठून, हा प्रश्न राहतोच.

उलट उदाहरणही आहे. स्वीडनमधल्या गोटेबोर्गची मुलवाड ही कंपनी नाव विचारत नाही, ईमेलही विचारत नाही, फक्त सोळा आकडी खाते क्रमांक देते. महिन्याला सरसकट ५ युरो, दोन वर्षांचे एकदम भरले तरी सूट नाही. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. ग्राहकांची माहिती मुळात ठेवलेलीच नव्हती. मला विचाराल तर दहा जाहिरातींपेक्षा अशी एक झडती जास्त बोलकी असते. बाहेरच्या तज्ज्ञांकडून करवून घेतलेलं लेखापरीक्षण हा त्याच्या खालोखालचा पुरावा. पण तेही त्या दिवसापुरतं खरं, हे लक्षात ठेवायचं.

तिसरा रकाना राउटरचा. इथे बरेच लोक फसतात. ओपनव्हीपीएन ही जुनी, २००१ पासूनची पद्धत. भरवशाची आहे, पण त्यात सगळं कूटलेखन राउटरच्या इवल्याशा प्रोसेसरवर पडतं. माझी जोडणी १०० मेगाबिटची. माझ्या जुन्या राउटरवर ओपनव्हीपीएन लावल्यावर वेग आला १५. वायरगार्ड ही नवी पद्धत. तिचा कोड जेमतेम चार हजार ओळींचा, आणि मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.६ आवृत्तीपासून ती कर्नेलमध्येच आहे. त्याच राउटरवर वायरगार्डने सत्तरच्या पुढे वेग दिला. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न हा विचारायचा की तुम्ही वायरगार्डची साधी कॉन्फिगरेशन फाइल देता, की फक्त तुमचं ॲपच वापरायला लावता? राउटरवर ॲप चालत नाही. आणि राउटरही ओपनडब्ल्यूआरटीसारखी मुक्त प्रणाली चालणारा हवा. कंपनीने दिलेल्या डब्यात सहसा हे काही करता येत नाही.

आणखी दोन गोष्टी. व्हीपीएन तुटला तर वाहतूक गुपचूप उघड्या वाटेने जाऊ नये, ती थांबली पाहिजे. नाहीतर आईच्या बँकेला मध्येच पुन्हा श्टुटगार्ट दिसायचं आणि पुन्हा खातं बंद. शिवाय नाव विचारून पत्ता शोधायची जी डीएनएस विचारणा असते, तीही बोगद्यातूनच जायला हवी. मोठं पाकीट मावशीकडे पाठवलं, पण तिने पुढे कुठे टाकायचं ते इथल्या पोस्टमनला ओरडून विचारलं, तर काय उपयोग?

सगळे रकाने भरून झाल्यावर मी एका पुरवठादाराची एक महिन्याची वर्गणी भरली, भारताचा सर्व्हर निवडला, आणि आपटलो.

कारण २८ एप्रिल २०२२ रोजी भारताच्या सर्ट-इनने निर्देश काढले होते. व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेला आयपी आणि सेवा कशासाठी घेतली ते, हे सगळं किमान पाच वर्षं जपून ठेवायचं. ज्यांचा सगळा धंदाच "आम्ही काही ठेवत नाही" यावर, त्यांनी काढता पाय घेतला. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी जून २०२२ मध्ये भारतातले सर्व्हर काढल्याचं किंवा काढणार असल्याचं जाहीर केलं. अनेक ठिकाणी यादीत "भारत" दिसतो तो आभासी असतो. पत्ता भारतीय, पण यंत्र सिंगापूरला किंवा आणखी कुठे. वर त्या एकाच पत्त्यावरून शेकडो अनोळखी लोक येत-जात असतात. बँकेची यंत्रणा असले पत्ते बरोबर ओळखते. आईच्या बँकेनेही ओळखला.

एवढा तक्ता करून शेवटी हातात काय? भारतातला पत्ता हवा, तो घरगुती हवा, दुसऱ्या कुणाचा त्यावर वावर नको, आणि पुरवठादार विश्वासातला हवा. असा पुरवठादार मला रात्री भांडी विसळताना सापडला. आईचंच घर! साताऱ्यात फायबरची जोडणी आहे, ती तीन महिने नुसती पडून राहणार होती.

पण बंद घराचा मेन स्विच आई नेहमी काढून येते. "बंद घरात वीज चालू? शॉर्टसर्किट झालं म्हणजे?" यावर आमची दोन दिवस चर्चा झाली. शेवटी तह झाला: फ्रीज, गीझर सगळं बंद, फक्त हॉलमधला एक प्लग चालू. माझा भाचा पुण्यात असतो. मी एक छोटा राउटर त्याच्या पत्त्यावर मागवला आणि इथून सूचना देऊन त्यावर वायरगार्ड बसवून घेतलं. रविवारी तो एसटीने साताऱ्याला गेला, शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली, आणि टीव्हीखालच्या कपाटात तो डबा आणि एक छोटा यूपीएस ठेवून आला. काकूंकडचा चहा-पोह्यांचा तपशील इथे देत नाही.

एक अडचण मात्र आली. तिथल्या फायबरवाल्याने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला होता, त्यामुळे बाहेरून आमच्या डब्यापर्यंत पोचताच येईना. एकाच सोसायटीच्या पत्त्यावर पत्र यावं आणि फ्लॅट नंबरच नसावा, तसं. महिना दोनशे रुपये जादा भरून स्वतंत्र पत्ता घेतला. मग इथल्या राउटरवर दुसरं वायफाय काढलं. त्याचं नाव देवनागरीत "सातारा" असंच ठेवलं. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि "सातारा" १८ बाइटांत बसतं. :-) त्या वायफायला जो फोन जोडला जाईल त्याची सगळी वाहतूक टीव्हीखालच्या कपाटातून निघते. आमचे बाकीचे फोन नेहमीच्या वायफायवर, सरळ.

पहिल्या दिवशी आईने डायरी काढली, निळं बटण दाबलं, थांबली, आणि घरपट्टी भरली. "झालं की!" म्हणाली. भाच्याने लगेच विचारलं, "मामा, मलाही त्यातून जाऊ दे ना." मी नाही म्हणालो. त्या जोडणीवरून जे काही होईल ते आईच्या नावावर नोंदलं जाणार. जे प्रश्न मी पुरवठादारांना विचारत होतो, ते आता मला लागू होते.

इथपर्यंतची गोष्ट मी मित्रांना बऱ्याचदा सांगितली आहे. पुढची सांगितलेली नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी सातारा फारच हळू चालायला लागलं. कारण शोधायला मी तिथल्या डब्याचं पान उघडलं. त्यात जाहिराती अडवण्यासाठी मी एक सोय बसवली होती. ती प्रत्येक डीएनएस विचारणेची यादी ठेवते, म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या संकेतस्थळाचं नाव विचारलं गेलं त्याची. ती बंद करायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुमचा मजकूर कूटबद्ध असतो, पासवर्ड मधल्या कुणाला दिसत नाही, पण नाव आणि वेळ दिसते. मला वाटलं होतं त्यात वर्तमानपत्र असेल, पंचांग असेल, बँक असेल. ते होतंच. पण मध्येमध्ये पहाटेच्या तीन, सव्वातीन, चार अशा वेळांना एका पॅथॉलॉजी लॅबचं नाव होतं. आणि त्याच्यापाठोपाठ एका कर्करोग रुग्णालयाचं. ओळीने चार रात्री.

मी पान बंद केलं. पण वाचलेलं काही बंद होत नाही.

सकाळी आई नेहमीसारखी उठली, नातीची वेणी घातली, पोळ्या केल्या. मी तिच्याकडे बघत होतो आणि ती मला रोजच्यासारखीच दिसत होती. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना सांगायचं असतं तर सांगितलं असतं. थांब." मी थांबलो. ते आठ दिवस फार वाईट गेले. प्रत्येक वाक्याला मी दुसरा अर्थ लावत होतो. ती "यंदा आंब्याचं लोणचं नाही घातलं" म्हणाली तरी माझ्या पोटात गोळा.

नवव्या दिवशी गवार मोडताना तिने स्वतःच सांगितलं. निघायच्या आधी एक गाठ हाताला लागली होती. तपासणी झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, काळजीसारखं वाटत नाही, तीन महिन्यांनी परत बघू. इथे येऊन सगळ्यांच्या आनंदावर विरजण नको म्हणून बोलली नव्हती. रात्री झोप येत नसे, मग तोच अहवाल परत परत उघडून एकेक शब्दाचा अर्थ शोधत बसायची. ऑगस्टमध्ये साताऱ्याला परत तपासणी झाली. गाठ साधी निघाली. पण जूनमध्ये हे कुणाला ठाऊक होतं?

तेव्हा मीही तिला सांगून टाकलं. की मला आधीच कळलं होतं, आणि कसं कळलं ते.

ती थोडा वेळ गवारच मोडत राहिली. मग म्हणाली, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं रे. पण न विचारता बघितलंस, ते काही बरं नाही."

मी म्हणालो, मुद्दाम नाही बघितलं. ते खरंच होतं. पण हाँगकाँगच्या त्या सात कंपन्यांनीही मुद्दाम काही उघड्यावर टाकलं नसणार. नोंद होती, म्हणून ती कुणालातरी दिसली. इतकी वर्षं मी "लॉग" हा शब्द वापरतो आहे. माझ्या प्रबंधात तो शंभरदा तरी आला असेल. माझ्या लेखी लॉग म्हणजे वेळ, नाव आणि आकड्यांच्या ओळी. कुणीतरी जे आपल्यापासून जपून ठेवलं होतं तेही त्यात असतं, हे मला टीव्हीखालच्या कपाटातल्या डब्याने शिकवलं.

त्याच संध्याकाळी मी त्या नोंदी पुसल्या आणि ती यादी कायमची बंद केली. आता काही बिघडलं की शोधायला मला जास्त वेळ लागतो. लागू दे.

तुमच्यापैकी कुणी घरच्या राउटरसाठी व्हीपीएन शोधत असेल तर वरचं सगळं कामाला येईल. वायरगार्डची फाइल मिळते का बघा, तुटल्यावर वाहतूक थांबते का बघा, परीक्षणं कुणाच्या मालकीची आहेत तेही बघा. किती देशांत किती हजार सर्व्हर आहेत, याला फार महत्त्व देऊ नका. आणि काम फक्त घरच्या पत्त्याचं असेल तर पैसे न भरता आधी घरच्यांनाच विचारा.

मी आईला सांगितलं, "आता काही दिसत नाही. बंद केलं सगळं."

"नक्की?"

"नक्की."

तिने मान हलवली आणि फोन घेऊन आत गेली. पुरवठादारांना तपासायला मी चौदा रकाने केले होते. मला तपासायला तिच्याकडे एकही नव्हता. त्या रात्रीही तिचा फोन "सातारा"लाच जोडलेला होता.